प्रॉम्प्टरच्या खड्ड्यातली धग

संगणकात पाणी घालणार आहे, असे सगुण सरांनी जाहीर केले तेव्हा जानकी परसात बांगडे साफ करत बसली होती. तिने मान वर केली नाही. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून याहून चमत्कारिक गोष्टी तिने ऐकल्या होत्या.

"कितलें?" तिने विचारले.

"पाव लिटर."

"मगीर बरें," ती म्हणाली आणि पुढचा बांगडा हातात घेतला. तिला वाटले होते, निदान घागरभर तरी असेल.

आता संगणक आणि पाणी यांचा संबंध शत्रुत्वाचा असतो हे सगुण सरांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पेडण्याजवळच्या हायस्कुलात ते गेली अठरा वर्षे हेच शिकवत आले होते. पाण्याची बाटली घेऊन संगणकाच्या खोलीत कोणी शिरले, तर सर त्याला बाहेर उभे करत. तोच माणूस आपण होऊन यंत्राच्या पोटात पाणी सोडायला निघाला होता, आणि त्यामागे एक जुनी बोच होती.

ती बोच गेल्या जत्रेतली. गावच्या देवळात जत्रेला दरवर्षी गावकऱ्यांचेच नाटक होते. त्यात एक राजा असतो, एक कपटी प्रधान असतो आणि शेवटच्या अंकात राजा मरतो. नाटके बदलतात, पण राजा मेल्याशिवाय गाव घरी जात नाही. पूर्वी या नाटकाला रंगवलेले पडदे असत. वाळवीने राजवाडा खाल्ला आणि अरण्याला बुरशी आली, तेव्हा सगुण सरांनी प्रोजेक्टर आणला. मंडपाच्या तुळईला टांगलेला प्रोजेक्टर आणि मागे पांढरा पडदा. त्यावर हलणारी झाडे, उडणारे पक्षी आणि हरमलच्या किनाऱ्यावर सरांनी स्वतः चित्रित केलेला खवळलेला समुद्र. हा सगळा पसारा चालवायला दांडगा संगणक लागे. प्रोजेक्टरची तार नेमकी प्रॉम्प्टरच्या खड्ड्यापर्यंतच पोचत होती, म्हणून तो संगणक तिथेच ठेवला होता, गोकुळदासकाकांच्या पायांशी.

गोकुळदासकाका निवृत्त पोस्टमन. वय चौऱ्याहत्तर. एकेचाळीस वर्षे ते रंगमंचासमोरच्या त्या खड्ड्यात, लाकडी टपाखाली बसून नाटक सांगत आले होते. मांडीवर नाटकाचे हातलिखित बाड, हातात छोटी विजेरी, आणि तोंडातून येणारा दबका आवाज. नट पाठांतर करत नसत. करायचे कारणच नव्हते. राजाचे काम करणारा सुदेश हरमलला पर्यटकांना खोल्या आणि स्कूटरी भाड्याने देतो. त्याने अकरा वर्षांत एकही वाक्य पाठ केले नव्हते आणि तरीही तो पंचक्रोशीत नावाजलेला नट होता.

तर गेल्या वर्षी तिसऱ्या अंकात समुद्र खवळला आणि त्याबरोबर संगणकही तापला. आतले चारही पंखे एकदम जोरात फिरू लागले. खड्ड्यात पिठाची गिरण सुरू झाल्यासारखा आवाज झाला. काका जिवाच्या आकांताने सांगत होते आणि सुदेशला काही ऐकू येत नव्हते. शेवटी जे कानी पडले तेच त्याने ठणकावून म्हटले. कपटी प्रधानाच्या खांद्यावर हात ठेवून भर दरबारात राजा म्हणाला, "नाथ, मला एकदा पोटाशी धरा." ते राणीचे वाक्य होते.

मंडप पाच मिनिटे हसत होता. प्रधानही हसला. काका मात्र नाटक संपल्यावर जत्रेचा प्रसाद न घेता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सर काकांच्या घरापुढच्या बलकांवात, म्हणजे ओसरीवर, माफी मागायला गेले. "पंख्यांचो आवाज जालो काका. चूक माजी."

"पंखे खंयचे रे," काका गुडघ्यांना तेल चोळत म्हणाले. "माजोच आवाज गेलो. चाळीस वर्सां कोणूय म्हणूंक ना, आयकूं येना म्हूण." पोस्टाची पिशवी घेऊन चढ-उतार तुडवल्याने त्यांचे गुडघे कामातून गेले होते. पण गुडघ्यांचे दुःख त्यांनी कधी मनाला लावून घेतले नव्हते. हे मात्र लागले होते. "आनीक एक वर्स बसतां. एकूच. तेन्नाय आयकूं गेलें ना, तर बाड तुज्या हातांत दितां. तूं पळय मगीर कोण जाय तो."

दहावीत असताना सगुण सर स्वतः या नाटकात दूत झाले होते. "महाराज, घात झाला" एवढे एकच वाक्य होते आणि तेही ते विसरले होते. तेव्हा खड्ड्यातून आलेला तो आवाज त्यांना आजही आठवत होता. त्या माणसाला आपल्या चार पंख्यांनी मुका ठरवले होते. त्यांनी मनाशी ठरवले, पुढच्या जत्रेला खड्ड्यात असा संगणक ठेवायचा की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये. काकांचे पाय आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा होती. यंत्र तेवढ्यात मावायला हवे होते.

बिनआवाजाचा आणि वीतभर रुंदीचा संगणक बाजारात मिळत नाही. तो बांधावा लागतो. पंखे काढून टाकायचे, तापणाऱ्या भागावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून छोट्या पंपाने पाणी फिरवायचे आणि ते पाणी एका चपट्या रेडिएटरमध्ये नेऊन थंड करायचे. कागदावर हे सारे फार सुटसुटीत दिसते. सरांनी आषाढातच सामान मागवले.

पहिला खोडा म्हापशाच्या कुरियरच्या दुकानात पडला. पुडक्यावर 'रेडिएटर' असे लिहिले होते आणि काउंटरवरचा गृहस्थ नियमाला पक्का होता.

"गाडीचा सुटा भाग आहे. गाडीचे कागद दाखवा."

"हा गाडीचा नाही. संगणकाचा आहे."

"संगणकाला रेडिएटर नसतो," तो गृहस्थ सौम्यपणे म्हणाला. सरांनी त्याला उष्णतेच्या वहनाबद्दल दहा मिनिटे सांगितले. वर्गात जशी झोपाळलेली शांतता पसरते तशी त्याच्या चेहऱ्यावर पसरली. शेवटी सरांनी आपल्या स्कूटरचे कागद काढून पुढे केले. त्या स्कूटरला जन्मात कधी रेडिएटर नव्हता. गृहस्थाने नंबर उतरवून घेतला, शिक्का मारला आणि पुडके दिले. अठरा वर्षे शास्त्र शिकवलेल्या माणसाला आपला रेडिएटर असा खोटेपणाने सोडवून आणावा लागला, याचे सरांना घरी येईपर्यंत वाईट वाटत होते.

पत्र्याची पेटी गॅरेजवाल्या महेशने बेतून दिली. बेतता बेतता सल्लेही दिले. त्याचे म्हणणे, पाण्याऐवजी ट्रकात घालतात ते हिरवे औषध घाल. शेजारच्या स्वातीबाईंचे म्हणणे, पेटीला वाळ्याचा पडदा लावा, त्यांच्या माहेरी डिचोलीला खिडकीला लावतात. तपासून पाहण्यासारखे काही असेल अशा आशेने सर प्रत्येकाचे ऐकून घेत. घरी येऊन मनातल्या मनात चिडत.

फक्त एका माणसाचा प्रश्न त्यांना चिडूनही सुटला नाही. तो शंभू. शंभूची काजूच्या दारूची भट्टी होती. मडक्यातली वाफ नळीतून दुसऱ्या मडक्यात न्यायची आणि त्यावर गार पाणी ओतत राहायचे, यात त्याची पन्नास वर्षे गेली होती. तापणे आणि निवणे या विषयात गावात त्याच्याएवढा अधिकारी माणूस दुसरा नव्हता. तो पेटीभोवती दोनदा फिरला, पंपाला कान लावला आणि बसून विडी काढली.

"बरें केलां," तो म्हणाला. "पूण माका एक सांग. ही धग वता खंय?"

"पाण्यांत."

"आनी पाण्यांतसून?"

"रेडिएटरांत."

"आनी थंयसून?"

"भायर, शंभू. भायर वता."

"भायर म्हळ्यार खंय?" शंभूने विचारले. धग बाहेर म्हणजे नेमकी कुठे जाते, याची सरांनी पुस्तकी व्याख्या सांगितली. शंभूने ती आदराने ऐकली आणि तो विडी ओढत निघून गेला.

दिवाळीच्या सुमारास यंत्र तयार झाले. पाणी भरायचे म्हणून सरांनी बॅटरीवाल्याकडून शुद्ध केलेले पाणी आणले, त्यातला कणनकण गाळलेला. पहिला घोट यंत्राला कोणाच्या हातून द्यायचा, हा प्रश्नच नव्हता. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या गोकुळदासकाकांना बोलावले. काका आले ते धुतलेले धोतर नेसून, देवळात जाऊन आलेले. सर पाणी ओतत होते आणि टाकी बोटभर रिकामी असताना काकांनी कमरेच्या पंच्याची गाठ सोडून त्यातून एक छोटी बाटली काढली. सरांना कळायच्या आत त्यांनी बाटली टाकीत उपडी केली.

"देवीचें तीर्थ," काका हात जोडून म्हणाले. "आतां ताका कांय जावचें ना."

तीर्थ म्हणजे काय असते हे वाचकांना ठाऊकच आहे. त्यात दूध असते, दही असते, मध असतो, साखर असते आणि तुळशीची पाने असतात. बॅटरीवाल्याच्या त्या निष्कलंक पाण्यात ते सगळे आता गोल गोल फिरू लागले. सरांनी तोंड उघडले. समोर काका डोळे मिटून उभे होते, ओठ पुटपुटत होते. या यंत्राच्या भरवशावर ते आणखी एक वर्ष खड्ड्यात बसायला तयार झाले होते. सरांनी उघडलेले तोंड मिटले आणि त्यांनीही हात जोडले.

पंधरा दिवस यंत्र मुकाट्याने, थंडपणे चालले. सरांना वाटू लागले होते की देवीने खरेच लक्ष घातले. सोळाव्या दिवशी पेटीवरच्या छोट्या चौकटीतला तापमानाचा आकडा पन्नासावरून साठावर गेला, मग पंचाहत्तर. नव्वदला यंत्र आपोआप बंद पडते. नाटकाला आठ दिवस उरले होते आणि नुसता राजवाडा दाखवतानाच आकडा शहाऐंशीला पोचत होता. समुद्राची तर गोष्टच नको. सरांनी शाळेतून रजा घेतली आणि यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडले. टाकीला आतून शेवाळ धरले होते. तांब्याच्या ठोकळ्यात पाणी जायच्या ज्या केसाएवढ्या बारीक फटी होत्या, त्या हिरव्या पडून बुजल्या होत्या आणि मधोमध तुळशीचे एक पान आडवे बसले होते. ते त्यांनी चिमट्याने काढले, डोळ्यांना लावले आणि अंगणात तुळशीच्या बुंध्याशी ठेवले. मग पायरीवर बसून राहिले. नवा ठोकळा यायला तीन आठवडे लागले असते. त्यांना रडू आले नाही एवढेच.

जानकीने ओट्यावरचा ठोकळा उचलला आणि उजेडात धरून पाहिला.

"हो कळंक न्हय?"

"हय."

"माज्या हंड्याक चडता तोच." तिने बरणीतून मूठभर आमसुले काढली, कोमट पाण्यात कोळली, मीठ टाकले आणि त्यात ठोकळा सोडून दिला. गोव्यातली कोणतीही बाई देवाची तांब्याची भांडी याहून वेगळ्या रीतीने घासत नाही. सरांनी आम्ल आणि ताम्र यांच्या संयोगाबद्दल काही सांगायला सुरुवात केली. तिने त्यांच्या हाती नारळ किसायला दिला. तासाभरात ठोकळा असा लखलखला की त्यात तोंड दिसावे. फटी तिने केसांच्या ब्रशाने मोकळ्या केल्या, तीन पाण्यांतून धुतल्या आणि ठोकळा फडक्याने पुसून नवऱ्याच्या हाती ठेवला. आकडा पुन्हा अठ्ठेचाळीसवर आला. सरांनी तिला मनापासून धन्यवाद दिले आणि जेवताना सोलकढी तीनदा मागून घेतली.

मध्यंतरी परवान्याचेही एक प्रकरण झाले, ते थोडक्यात सांगतो. रंगमंचावरच्या सगळ्या विजेच्या उपकरणांची यादी एका कचेरीत द्यावी लागे. सर सत्याला धरून चालणारे. त्यांनी यादीत 'पाण्याने थंड होणारा संगणक' असे लिहिले. टेबलामागच्या बाईंनी चष्मा काढला. "पाणी आनी करंट एकाच पेटयेंत? आनी तें तुमी लोकांमदीं दवरतले?" त्यांनी सरांना दुसऱ्या टेबलाकडे पाठवले, दुसऱ्याने पाण्याच्या विभागाकडे, आणि तिथे नळजोडणीचा क्रमांक मागण्यात आला. चार दिवसांनी तडजोड झाली ती अशी की उपकरणाजवळ वाळूने भरलेल्या दोन बादल्या ठेवाव्यात आणि रात्री दहाच्या आत राजाने मरावे. त्यामुळे नाटक संध्याकाळी साडेसहालाच सुरू करायचे ठरले. बादल्यांना खड्ड्यात जागा नव्हती, म्हणून त्या प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपुढे ठेवल्या.

नाटकाच्या तीन दिवस आधी मंडपात शेवटची तालीम झाली. यंत्र काकांच्या पायांशी बसवले. समुद्र खवळला, वीज चमकली, अरण्य पेटले, आणि खड्ड्यातून काकांच्या आवाजाशिवाय काही ऐकू आले नाही. सुदेशने प्रत्येक वाक्य बिनचूक उचलले. पण शेवटच्या अंकात काकांचा आवाज घसरला. सरांनी टप उचलून पाहिले. काका घामाने निथळत होते, चष्म्यावर वाफ धरली होती आणि बाडाची पाने ओली झाली होती.

शंभू मागे उभा होता. विडी पेटवून तो सरांकडे नुसता पाहत राहिला.

"हय," सर म्हणाले. "आतां कळ्ळें खंय वता तें."

मग शंभूनेच वाट दाखवली. धगीला वरच्या अंगाला तोंड द्यायचे, की ती आपण होऊन चालती होते. टप रंगमंचाकडे उघडा होता, पण तिकडून निघालेली धग काकांच्या तोंडावरून जात होती. म्हणून टपाच्या मागच्या फळीला, काकांच्या डोक्यामागे, ताटाएवढे भोक पाडले. एक संथ पंखा तिथे बसवला, इतका संथ की त्याची पाती मोजता यावीत. पुन्हा तालीम घेतली. धग काकांच्या गुडघ्यांवरून, पाठीमागून वर चढली आणि भोकातून मंडपात निघून गेली. काकांना वारा लागला. त्यांचा आवाज मोकळा झाला. सगळ्यांनी सरांची पाठ थोपटली.

एकाच्याही ध्यानात आले नाही ते हे. अख्खा गाव नाटकात होता. कोणी राजा, कोणी शिपाई, कोणी पडद्यामागे, कोणी तबल्यावर. मंडपात समोर बसून ऐकायला तालमीला कोणी नव्हते.

जत्रेच्या संध्याकाळी मंडप भरून बाहेर अंगणात माणसे उभी होती. सगुण सर हातात बिनतारेचा माउस घेऊन टपाच्या मागेच, पहिल्या रांगेच्या पायांशी बसले. शेजारच्या खुर्चीवर गावातल्या सर्वांत वडील गंगाकाकी. त्यांनी वाळूच्या बादलीवर पाय ठेवले होते. नांदी झाली. राजवाडा उजळला. सुदेश मुकुट सावरत आला आणि सिंहासनाजवळ थांबला.

"प्रधानजी, आजची रात्र मला वैऱ्याची वाटते," भोकातून एक आवाज म्हणाला. त्यात भीती होती, थकवा होता, राजेपणही होते.

"प्रधानजी, आजची रात्र मला वैऱ्याची वाटते," सुदेश म्हणाला. त्यात स्कूटर भाड्याने देतानाचा सूर होता.

धगीला काढून दिलेल्या वाटेने काकांचा आवाजही बाहेर पडत होता, आणि यंत्र असे मुके की त्याला झाकायला एक साधी घरघरही नव्हती. प्रत्येक वाक्य दोनदा येऊ लागले, आधी चांगले आणि मग बरे. मागे खसखस पिकली. तिसऱ्या वाक्याला हसू उघड झाले. चौथ्याला गंगाकाकी मोठ्याने म्हणाल्या, "सुदेशा, तो सांगता तशें म्हण मरे."

काकांना यातले काही कळत नव्हते. त्यांचे तोंड रंगमंचाकडे, डोळे बाडात. सरांनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि भोकावर दाबून धरली. आवाज दबला. हसू ओसरले. शालीच्या कडेने त्यांना यंत्रावरचा आकडा दिसत होता. त्रेपन्न. एकसष्ट. राणी म्हणजे बँकेतली गौरवी. ती सगळे पाठ करून आली होती, तिचा प्रवेश कसाबसा निभला. अडुसष्ट. अरण्य आले, चौऱ्याहत्तर. आत काका खोकले. सरांनी शाल बोटभर सरकवली की लोक हसत आणि दाबली की आकडा चढे. अशा प्रकारे ते दोन अंक बसून राहिले. आपण एका म्हाताऱ्याला भाजतो आहोत की त्याची शोभा करतो आहोत, याचा निर्णय त्यांना होईना. हाताला मुंग्या आल्या होत्या.

शेवटच्या अंकात समुद्र खवळला आणि आकडा शहाऐंशी झाला. किनाऱ्यावर जखमी राजा पडला होता. आतून काकांचा आवाज घसरल्याचे सरांना शालीतूनही कळले, तालमीत घसरला होता तसाच. सुदेशने खड्ड्याकडे कान केला. त्याच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षीची भीती होती. आता शाल तशीच ठेवली तर नव्वदला समुद्र विझेल, राजाला शब्द मिळणार नाहीत, आणि काका घरी जाऊन म्हणतील की माझा आवाज गेला. लोक हसले तर हसोत. सगुण सरांनी शाल काढून घेतली.

भोकातून गार श्वास घेतल्यासारखा एक खोल आवाज आला, आणि मग काका बोलले.

"प्रजाजनहो, राज्य मी तुम्हांला दिले नाही. तुम्हीच ते मला दिले होते. आज तुमच्या ओटीत परत घालतो आहे."

सुदेशने तोंड उघडले. सगळा मंडप हसायला टपून बसला होता. पण त्या माणसाने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. अकरा वर्षे तो हा आवाज ऐकत आला होता, तो फक्त पुढचे वाक्य उचलायला. आज बहुधा त्याला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्याने डोक्यावरचा मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि ओठ नुसते हलवत राहिला.

राजा बोलत नाही असे पाहून काकांनी थोडे थांबून पुढचे सांगितले, आणखी स्पष्ट, आणखी जीव ओतून. "रिकाम्या हातांनी आलो होतो. जाताना एकच मागणे आहे. माझा चेहरा विसरलात तरी चालेल. माझी हाक मात्र विसरू नका."

कोणी हसले नाही. गंगाकाकींनी पाय बादलीवरून खाली घेतले आणि पदर तोंडाला लावला. मागे अंगणात उभ्या असलेल्या माणसांनी टोप्या काढल्या. राजा दहाला सात मिनिटे असताना मेला, म्हणजे परवान्याच्या आत.

टाळ्या थांबेनात. सुदेश उठला, रंगमंचाच्या कडेला आला आणि मुकुट हातात घेऊन, वाकून त्याने खड्ड्याला नमस्कार केला. मग लोक उठले. कोणी प्रधानाला भेटले, कोणी राणीला. गंगाकाकींनी जाता जाता सरांना विचारले, "यंदा काँप्युटर हाडलोच ना?" सर म्हणाले, आणला होता. पाच महिने खपून केलेल्या कामाची ही एवढीच दाद. ती खरी दाद आहे, हे कळत असूनही त्यांना जरा लागले.

मंडप रिकामा झाला तरी काका खड्ड्यातून वर आले नव्हते. आपला आवाज सबंध गावाने ऐकला हे त्यांना टाळ्यांत कळले असणार. चोरून बोलायचे काम असते ते चव्हाट्यावर आले, म्हणून म्हातारा रुसला असणार. असे सरांच्या मनात आले. त्यांनी टप उचलला.

काका बाड छातीशी धरून बसले होते. दोन्ही गुडघे यंत्राच्या पेटीला टेकलेले. सर यंत्र बंद करायला वाकले तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला.

"राव मातशें. बंद करूं नाका. दोनूय धोंपरां कशीं बरीं जाल्यांत." मग मागच्या रांगांकडे मान वळवून त्यांनी विचारले, "सगुण, फाटल्या लोकांक आयकूं गेलें?"

"गेलें, काका."

"कितले फाटीं?"

"अंगणांत उबे आशिल्ले, तांचे मेरेन."

काकांनी मान हलवली. विजेरी विझवून ती सरांच्या हाती दिली, मग चष्मा दिला, मग काठी. सरांनी त्यांना काखेत धरून वर घेतले आणि सवयीने बाड घ्यायला हात पुढे केला. काकांनी ते घट्ट काखोटीला मारले आणि प्रसादाची पंगत कुठे बसली आहे, असे विचारून ते चालू लागले.